नरक्या: सह्याद्रीतल्या झाडात कॅन्सरचं औषध कसं सापडलं आणि पुण्यातले संशोधक त्यात नेमकं काय मोजतात?

पावसाळ्यात महाबळेश्वर, आंबा घाट किंवा आंबोलीच्या दाट रानात एका मध्यम उंचीच्या झाडाला बारीक, पांढरट-पिवळसर फुलांचे गुच्छ येतात. दिसायला बरे असतात, पण वास इतका घाणेरडा की झाडाचं नावच नरक्या पडलं. शास्त्रज्ञांनाही तो वास टाळता आला नाही. झाडाचं जुनं शास्त्रीय नाव मॅपिया फोएटिडा, नंतरचं नोथापोडायटिस फोएटिडा. लॅटिनमध्ये ‘फोएटिडा’ म्हणजे दुर्गंधी येणारं. आज त्याला नोथापोडायटिस निम्मोनियाना म्हणतात. हे नाव मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या निम्मो यांच्यावरून आलंय. जॉन ग्रॅहम यांनी १८३९ मध्ये मुंबईच्या वनस्पतींची यादी छापली, त्यात ते पहिल्यांदा आलं.

काही ठिकाणी याच झाडाला ‘अमृता’ही म्हणतात. (गुळवेलीचंही एक नाव अमृता आहे. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही, त्यामुळे व्हॉट्सॲपवर ‘अमृता’चे गुण वाचताना आधी कोणती अमृता हे पाहा.)

एकाच झाडाला नरकाचंही नाव आणि अमृताचंही, हे नरक्याच्या बाबतीत जरा जास्तच खरं ठरलंय. त्याच्या लाकडात आणि मुळांत कॅम्प्टोथेसिन नावाचं रसायन असतं. त्यापासून बनलेली औषधं जगभर कॅन्सरच्या रुग्णांना दिली जातात. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णाच्या फाइलवर ‘फॉलफिरी’ हा शब्द दिसतो, तीन औषधांच्या एकत्रित उपचाराचं हे नाव. त्यातलं शेवटचं ‘इरि’ म्हणजे इरिनोटेकॅन, आणि त्याचं मूळ कॅम्प्टोथेसिन. याच रसायनामुळे कोल्हापूर-सिंधुदुर्गच्या जंगलांतून नरक्याची चोरटी तोड होत आली आहे आणि वन विभागाने पकडलेल्या मालाच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आल्या आहेत.

या दोन टोकांच्या मध्ये एक फारसं कुणाला माहीत नसलेलं काम चालतं. कोणत्या गावच्या झाडात, कोणत्या भागात, कोणत्या ऋतूत हे रसायन किती असतं, ते मोजण्याचं. पुण्यात हे काम फार्मसी कॉलेजच्या प्रयोगशाळेत झालंय.

आधी कॅम्प्टोथेसिनची गोष्ट

हे रसायन पहिल्यांदा नरक्यात सापडलं नव्हतं. ते सापडलं कॅम्प्टोथेका अक्युमिनाटा या चिनी झाडात, आणि तेही अमेरिकेत.

१९५० च्या दशकात मनरो वॉल हे रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेच्या कृषी खात्यात काम करत होते. वनस्पतींमध्ये कॉर्टिसोन बनवायला उपयोगी पडतील अशी स्टेरॉइड्स मिळतात का, हे शोधायचं होतं. कॅन्सर हा त्यांचा विषयच नव्हता. पण हाताशी असलेले सुमारे हजार वनस्पतींचे अर्क त्यांनी कॅन्सरविरोधी चाचणीसाठी पाठवले आणि त्यात या चिनी झाडाचा अर्क उठून दिसला. पुढे वॉल नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये गेले. १९६२ मध्ये मनसुख वाणी तिथे रुजू झाले.

मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ चा, नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्रात एमएस्सी, मुंबईत भवन्स कॉलेजमध्ये अध्यापन, मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात पीएचडी. १९६६ मध्ये वॉल आणि वाणी यांच्या गटाने कॅम्प्टोथेसिन वेगळं करून त्याची रचना प्रसिद्ध केली. पाच वर्षांनी, १९७१ मध्ये, याच जोडीने टॅक्सॉलची रचना उलगडली. टॅक्सॉल म्हणजे स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कॅन्सरवर दिलं जाणारं, आज पॅक्लिटॅक्सेल या नावाने ओळखलं जाणारं औषध. वनस्पतीतून आलेल्या कॅन्सरवरच्या औषधांचे दोन मोठे वर्ग एकाच प्रयोगशाळेतून आले. वाणी एप्रिल २०२० मध्ये वारले. कोविडच्या पहिल्या लॉकडाउनमध्ये आपल्याकडे ही बातमी कितीजणांपर्यंत पोहोचली असेल, शंकाच आहे.

कॅम्प्टोथेसिनचा पुढचा प्रवास मात्र सरळ नव्हता. हे रसायन पाण्यात विरघळत नाही, आणि शिरेतून द्यायचं तर विरघळायला हवं. म्हणून १९७० च्या सुमारास त्याचा सोडियम क्षार करून रुग्णांवर चाचण्या घेतल्या गेल्या. या बदलात रेणूमधली एक कडी उघडली जाते आणि औषधाची ताकद बरीचशी निघून जाते. वर मूत्राशयातल्या आम्लधर्मी वातावरणात ती कडी पुन्हा बंद होते. म्हणजे जिथे नको तिथेच औषध जागं होतं. रुग्णांना लघवीतून रक्त जाण्यासारखे गंभीर त्रास झाले आणि चाचण्या थांबल्या.

रसायन जवळजवळ अडगळीत गेलं होतं. १९८५ मध्ये ते नेमकं काय करतं हे कळलं आणि चित्र बदललं.

ते नेमकं काय करतं?

पीळ दिलेल्या सुतळीची दोन टोकं मधूनच उकलायचा प्रयत्न करून पाहा. उकललेल्या जागेच्या पुढे पीळ आणखी घट्ट होत जातो, आणि शेवटी सुतळी गोळा होऊन अडकते. पेशी दुभंगण्यापूर्वी डीएनएची प्रत काढते तेव्हा हीच अडचण येते. ती सोडवण्यासाठी पेशीकडे टोपोआयसोमरेज-१ नावाचं एन्झाइम असतं. ते डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एक कापतं, पीळ सैल होऊ देतं आणि कापलेला धागा पुन्हा जोडतं.

कॅम्प्टोथेसिन बरोबर मधल्या क्षणी, कापणं झालंय पण जोडणं व्हायचंय अशा वेळी, तिथे जाऊन बसतं. एन्झाइम अडकून पडतं. प्रत काढणारी यंत्रणा मागून येऊन त्यावर आदळते, डीएनए तुटतो आणि पेशी मरते. ज्या पेशी सतत दुभंगतात त्यांना याचा फटका जास्त, म्हणून कॅन्सरवर उपयोग. पण आतड्याच्या आतल्या थरातल्या आणि अस्थिमज्जेतल्या निरोगी पेशीही वेगाने दुभंगतात. इरिनोटेकॅन घेणाऱ्यांना होणारे तीव्र जुलाब आणि पांढऱ्या पेशी कमी होणं, यांचं मूळ बऱ्याच अंशी इथे आहे.

मग झाड स्वतः कसं मरत नाही? जपानी संशोधकांनी २००८ मध्ये याचं उत्तर दिलं. कॅम्प्टोथेसिन बनवणाऱ्या वनस्पतींच्या टोपोआयसोमरेजमध्ये एक छोटा बदल झालेला असतो, त्यामुळे विष तिथे बसत नाही. औषधाला दाद न देणाऱ्या काही कॅन्सर पेशींमध्येही याच जागी तसाच बदल आढळला होता. झाडाने बचावासाठी जी युक्ती काढली, तीच कॅन्सर पेशीनेही काढली.

यंत्रणा कळल्यावर रेणूत सुधारणा करून दोन औषधं आली. टोपोटेकॅन बीजांडकोशाच्या कॅन्सरसाठी आणि इरिनोटेकॅन मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी, दोन्हींना अमेरिकेत १९९६ मध्ये मंजुरी मिळाली. इरिनोटेकॅनवरचं मूळ काम जपानच्या याकुल्ट होन्शा या कंपनीचं. हो, दुकानात छोट्या बाटल्यांत मिळणारं आंबट-गोड पेय बनवणारी तीच याकुल्ट.

नरक्या कुठे आला?

मुंबईत, गोरेगावला. तिथे सिबा कंपनीचं संशोधन केंद्र होतं आणि टी. आर. गोविंदाचारी त्याचे प्रमुख होते. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी दाखवून दिलं की पश्चिम घाटातल्या मॅपिया फोएटिडामध्येही कॅम्प्टोथेसिन आहे. वनस्पतींच्या वर्गीकरणात चिनी झाड आणि नरक्या एकमेकांचे जवळचे नातेवाईक नाहीत. तरी दोघांनीही तेच रसायन बनवलं होतं, आणि नरक्यात ते चिनी झाडाच्या लाकडापेक्षा कितीतरी जास्त होतं.

‘जास्त’ म्हणजे किती, हे समजून घेऊ. नरक्याच्या लाकडातलं प्रमाण साधारण ०.१ टक्क्याच्या आसपास सांगितलं जातं, झाडागणिक आणि भागागणिक ते बरंच कमीजास्त होतं. ०.१ टक्का धरला तर एक टन वाळलेल्या लाकडातून, एक कणही वाया न घालवता, जास्तीत जास्त एक किलो कॅम्प्टोथेसिन. प्रत्यक्षात अर्क काढताना आणि शुद्ध करताना त्यातलंही काही जातं. चोरट्या तोडीत पोत्यांनी आणि ट्रकांनी माल का जातो, ते या हिशेबातून कळतं.

प्रयोगशाळेत सगळं शून्यातून बनवता येत नाही का? येतं. पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, सुभाष चव्हाण यांच्या गटाने कॅम्प्टोथेसिनच्या संश्लेषणावर काम केलेलं आहे. पण पायऱ्या बऱ्याच असतात आणि प्रत्येक पायरीवर माल घटतो. त्यामुळे उद्योगाला मूळ रेणू झाडातून घेऊन त्यात पुढचे बदल करणं सोयीचं पडत आलं आहे.

एरंडवण्यातली मोजणी

भारती विद्यापीठाचं पूना कॉलेज ऑफ फार्मसी एरंडवण्यात आहे, १९८१ मध्ये सुरू झालेलं. फार्मसीच्या प्रत्येक कॉलेजात असतो तसा तिथेही फार्माकॉग्नोसीचा विभाग आहे. फार्माकॉग्नोसी म्हणजे निसर्गातून मिळणाऱ्या औषधी द्रव्यांचं शास्त्र. बी. फार्म. करणाऱ्या कुणालाही विचारा, सूक्ष्मदर्शकाखाली सालीचे छेद बघण्याच्या आणि शास्त्रीय नावं पाठ करण्याच्या आठवणी निघतील. विद्यार्थ्यांना हा विषय बहुधा जुनाट वाटतो. मलाही या लेखासाठी वाचायला लागण्याआधी तसंच वाटायचं.

या विभागातले अजय नामदेव हे नरक्यावर काम केलेल्या संशोधकांपैकी एक. २०१० मध्ये ‘रेकॉर्ड्स ऑफ नॅचरल प्रॉडक्ट्स’ या नियतकालिकात त्यांचा एक शोधनिबंध आला. सहलेखकांमध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राचे डी. पी. फुलझेले आणि पूना कॉलेजचे के. आर. महाडिक होते. प्रश्न साधा होता: झाड कुठे वाढलंय आणि तिथलं हवामान कसं आहे, याचा कॅम्प्टोथेसिनच्या प्रमाणावर काय परिणाम होतो? नंतर २०१२ मध्ये त्यांनी झाडाच्या वेगवेगळ्या भागांत, वेगवेगळ्या काळात गोळा केलेल्या नमुन्यांमध्ये हे प्रमाण किती, याची मोजणी प्रसिद्ध केली.

मोजणी कशी होते? नमुना वाळवायचा, भुकटी करायची, मिथेनॉलसारख्या द्रावकात अर्क काढायचा. या अर्कात शेकडो रसायनं असतात. तो एचपीएलसी नावाच्या यंत्रात घालतात. यंत्राच्या आत बारीक कणांनी गच्च भरलेली एक नळी असते, त्यातून अर्क दाबाने ढकलला जातो. प्रत्येक रसायन त्या कणांना कमीजास्त चिकटतं, त्यामुळे नळीच्या दुसऱ्या टोकाला ती वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. पडद्यावर प्रत्येकाचा एक उंचवटा उमटतो. शुद्ध कॅम्प्टोथेसिनचा उंचवटा कोणत्या मिनिटाला येतो आणि किती मोठा असतो हे आधी पाहून ठेवलेलं असतं. त्याच्याशी ताडून नमुन्यातलं प्रमाण काढायचं. अतिनील दिव्याखाली कॅम्प्टोथेसिन निळसर चमकतं, त्यामुळे ते आहे की नाही याचा अंदाज त्याआधीही येतो. किती आहे, हे मात्र यंत्रच सांगतं.

वाचायला कोरडं वाटेल. पण यावर झाडाचं आयुष्य ठरतं. नरक्याच्या मुळांत हे रसायन भरपूर असतं, म्हणून चोरटी तोड करणारे नुसत्या फांद्या नेत नाहीत, झाड मुळासकट काढतात. बुंधा राहिला तर फुटवा येण्याची आशा असते, मूळ उपटलं की विषय संपला. पानांत आणि कोवळ्या फांद्यांत किती, कोणत्या महिन्यात जास्त, हे आकडे नसतील तर ‘मुळं न काढताही काम भागेल’ असं कुणाला पटवून देणार? आणि लागवड करायची तर बी कुठल्या जंगलातल्या झाडाचं घ्यायचं? बंगळूरुच्या कृषी विज्ञान विद्यापीठातल्या आर. उमा शंकर यांच्या गटानेही मध्य पश्चिम घाटात फिरून जास्त कॅम्प्टोथेसिन असलेली झाडं कुठे आहेत याचा शोध घेतला. दोन्हीकडून एकच गोष्ट पुढे येते. एका जातीची सगळी झाडं सारखी नसतात, आणि न मोजता लावलेल्या शंभर रोपांतून काय हाती लागेल याची खात्री देता येत नाही.

याच आकड्यांची एक अडचणही आहे, आणि ती मला महत्त्वाची वाटते. ‘अमुक ठिकाणच्या झाडांत सगळ्यात जास्त’ ही माहिती संवर्धन करणाऱ्याला जितकी उपयोगी, तितकीच तोडणाऱ्यालाही. शोधनिबंध कुणीही वाचू शकतो.

झाड न तोडता रसायन मिळेल का?

प्रयत्न बरेच झालेत, आणि त्यांत महाराष्ट्रातल्या संस्था पुढे आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या जी. रोजा आणि एम. आर. हेबळे यांनी १९९४ मध्ये नरक्याच्या टिश्यू कल्चरमधून, म्हणजे काचेच्या भांड्यात वाढवलेल्या पेशींमधून, कॅम्प्टोथेसिन मिळाल्याचं नोंदवलं. एनसीएलमध्ये शुभदा ठेंगणे आणि सहकाऱ्यांनी पेशींना कोणतं पोषणद्रव्य दिलं तर त्या चांगल्या वाढतात आणि जास्त रसायन साठवतात, यावर काम केलं. तो निबंध २००३ चा.

अडचण अशी की भांड्यातल्या पेशी झाडाच्या तुलनेत फारच कमी कॅम्प्टोथेसिन बनवतात. त्यांना गरजच नसते. झाड हे विष बहुधा किडी-बुरशीपासून बचावासाठी बनवतं, आणि भांड्यात ना कीड, ना बुरशी, वेळेवर साखर. मग संशोधक पेशींना मुद्दाम त्रास देतात. बुरशीचा अर्क किंवा झाडांमध्ये धोक्याचा इशारा देणारी रसायनं भांड्यात घालतात. पेशीला हल्ला झाल्यासारखं वाटतं आणि ती विष बनवायला लागते. याला एलिसिटेशन म्हणतात. नामदेव यांनी २००७ मध्ये या तंत्राचा आढावा घेणारा लेख लिहिला होता, त्या विषयातल्या निबंधांत तो वारंवार संदर्भाला येतो.

दुसरी वाट आणखी चमत्कारिक. जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी जर्मन सहकाऱ्यांसोबत २००५ मध्ये नरक्याच्या आतल्या सालीत राहणारी एक बुरशी वेगळी केली, आणि ती बुरशी स्वतःच कॅम्प्टोथेसिन बनवत होती. झाड नको, लाकूड नको, टाकीत बुरशी वाढवा! पण अशा बुरश्या झाडाबाहेर काढून पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या की रसायन बनवणं हळूहळू सोडून देतात, हे पुढे दिसून आलं. कारखान्यासाठी हे परवडणारं नाही.

मग नरक्याची साल उगाळून घ्यावी का?

नाही. ‘नैसर्गिक आहे’ म्हणून तर अजिबात नाही. झाडातलं मूळ कॅम्प्टोथेसिन रुग्णांना देऊन पाहिलं तेव्हा काय झालं ते वर आलंच आहे. आज जी औषधं दिली जातात ती त्या रेणूची बदललेली रूपं आहेत. शरीराच्या मापानुसार डोस ठरवून, रक्ततपासणीवर लक्ष ठेवून ती शिरेतून देतात. घरी उगाळलेल्या सालीत कॅम्प्टोथेसिन किती हे कुणालाच माहीत नसतं. एकाच जंगलातल्या दोन झाडांतही ते सारखं नसतं, हे तर मोजूनच सिद्ध झालंय. पुरेसं असेल तर ते विष आहे, आणि नसेल तर तेवढे दिवस उपचाराविना गेले. सदाफुलीचंही तसंच. तिच्यापासून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही कॅन्सरची औषधं मिळतात हे खरं, पण म्हणून तिची पानं चावून खायची नसतात.

एक गोष्ट पूना कॉलेजच्या या कामाबद्दलही नीट समजून घ्यायला हवी. नामदेव आणि सहकाऱ्यांनी कॅन्सरवर नवं औषध शोधल्याचा दावा केलेला नाही. त्यांनी मोजलं. अनेकदा एखाद्या कॉलेजातल्या संशोधनाची बातमी ‘पुण्याच्या प्राध्यापकाने शोधला कॅन्सरवर उपाय’ अशी होते, आणि मूळ निबंध उघडला तर प्रयोग उंदरांवर किंवा काचेच्या बशीतल्या पेशींवर झालेला असतो. बशीतली कॅन्सर पेशी मारणं सोपं असतं. वॉल आणि वाणी यांच्या रेणूला औषध व्हायला तीस वर्षं लागली.

आता नरक्याचं काय होणार?

कॅम्प्टोथेसिनची गरज कमी होताना दिसत नाही. गेल्या काही वर्षांत ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकॅन आणि सॅसिटुझुमॅब गोव्हिटेकॅन ही महागडी औषधं स्तनाच्या काही कॅन्सरसाठी आली. त्यात कॅन्सर पेशी ओळखणाऱ्या प्रतिपिंडाला कॅम्प्टोथेसिनच्या कुळातलं विष जोडलेलं असतं, म्हणजे विष पत्ता शोधत थेट पेशीपर्यंत जातं. प्रत्येक डोसला लागणारं विष थोडंच, पण रेणूचं महत्त्व टिकून आहे.

कायद्याच्या बाजूने, जैवविविधता कायदा २००२ नुसार जंगलातल्या अशा वनस्पतीचा व्यापारी वापर करणाऱ्या देशी कंपनीने राज्य जैवविविधता मंडळाला कळवणं आणि फायद्यातला वाटा स्थानिकांपर्यंत पोहोचवणं अपेक्षित आहे. २०२३ च्या दुरुस्तीने लागवड केलेल्या औषधी वनस्पतींना यातून सूट दिली, त्यासाठी उगमाचं प्रमाणपत्र लागतं. शेतकऱ्याने बांधावर नरक्या लावावा यासाठी हे चांगलंच आहे. पण दळून पोत्यात भरलेलं लाकूड शेतातलं की राधानगरीच्या जंगलातलं, हे नुसतं बघून सांगता येत नाही. त्यात कॅम्प्टोथेसिन किती टक्के आहे, हे पुण्यातलं यंत्र अचूक सांगेल. ते कुणाच्या हद्दीतून आलंय, हे मात्र त्या कागदावरच शोधावं लागेल.